बोलायची वर्गणी

माणिक,

तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं मंडळाच्या लोकांनी मला सांगितलं. मी मंडळाचा चिटणीस, आणि वकील असल्यामुळे मला चांगलं लिहिता येतं असा त्यांचा समज आहे. पहिल्या कागदावर मी 'कै. माणिकराव हे जालन्यातील प्रतिष्ठित कापड व्यापारी' असं लिहिलं आणि तो कागद फाडून टाकला. प्रतिष्ठित तू कधीच नव्हतास. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना बाहेर ओट्यावर येऊन दुसऱ्यांचे डाव बघत राहणारा माणूस प्रतिष्ठित कसा होईल? धोतरजोडी मागायला आलेल्या माणसाला तू 'थांबा जरा, घोडा अडकून राह्यला' असं सांगायचास, आणि तोही धोतरजोडी विसरून घोडा बघायला बाहेर यायचा. असलं काही गेलेल्या माणसाबद्दल छापत नाहीत. म्हणून तुलाच लिहितो. आपला वाद तसाही अर्धाच राहिला आहे, आणि समोरचा पक्ष गैरहजर आहे म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही.

राग कशाचा आहे तेही आधीच सांगून टाकतो. तू गेलास याचा आहेच, पण ते तुझ्या हातात नव्हतं असं डॉक्टर म्हणाले. जे तुझ्या हातात होतं त्याचा राग जास्त आहे. एक चाल, माणिक. एका डावातली एक चाल तू मला वर्षानुवर्षं सांगितली नाहीस आणि न सांगता निघून गेलास. हे काय वागणं झालं?

वकिलीच्या परीक्षेसाठी मी हैदराबादेला राहिलो तेव्हा तिथल्या एका बुद्धिबळाच्या क्लबात जात असे. टेबलं, खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. कोणी शिंकलं तरी सगळे वळून बघत. दर महिन्याला वर्गणी, तिची छापील पावती. मला ते फार आवडलं. परत आलो ते मनात मंडळ घेऊनच. जागा कोणी फुकट देईना, म्हणून तुझ्या दुकानाचा ओटा. वार ठरला जुम्म्याचा, कारण निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेऱ्या आणि कोर्टं बंद. नियमावली मी स्वतः लिहिली. महिना आठ आणे वर्गणी, आणि ती हाली सिक्क्यात, असं कलमात स्पष्ट घातलं, कारण निजामाचा हाली रुपया की इंग्रजांचा कलदार यावरून भांडणारी माणसं मी कोर्टात रोज बघत होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम हे की, डाव चालू असताना बघणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही.

तू ती नियमावली वाचलीस, घडी घालून खिशात ठेवलीस आणि म्हणालास की कागद चांगला आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आपल्याकडे बुद्धिबळ कसं खेळतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून बघत आलो होतो. पटावर दोघं बसलेले असतात, पण खेळत असतो सगळा ओटा. याने हत्ती म्हणायचं, त्याने उंट म्हणायचं, तिसऱ्याने दोघांची अक्कल काढायची, आणि ज्याचा डाव आहे त्याने फक्त हात पुढे करून मोहरं उचलायचं. हरला तर तो एकटा हरत नाही आणि जिंकला तर एकट्याला कोणी जिंकू देत नाही. मला हे बंद करायचं होतं. पहिल्या जुम्म्याला ओटा भरून गेला. महिनाभरात आपण दोघंच उरलो, तूही दर थोड्या वेळाने कापड फाडायला आत जायचास.

लोक म्हणाले वर्गणी भारी आहे. मी ती निम्मी केली. मग आणखी निम्मी केली. मग नव्या माणसाला पहिला महिना माफ केला, तर माणसं महिना फुकट बसून जाऊ लागली. जिनिंगच्या भिंतीवर मराठीत आणि उर्दूत पाट्या लावल्या. मी वर्गणी कमी करत गेलो आणि माणसंही कमी होत गेली. एका संध्याकाळी तू मला विचारलंस की वकील, उद्यापासून येणाऱ्याला आपणच काही द्यायचं का. मला हसू आलं नाही.

मग तो पिंपळगाव रेणुकाईचा ज्ञानोबा आला. कापूस घालून, गाडी सोडून, वेळ काढायला ओट्यावर टेकला होता. मी स्टेशनवरच्या एका बाबूंशी खेळत होतो. ज्ञानोबाने थोडा वेळ बघितलं आणि बोट दाखवून काहीतरी बोलायला लागला. मी नियम सांगितला. तो गप्प बसला, पुन्हा बोट पुढे आलं, मी पुन्हा नियम सांगितला. तेव्हा तो उठला आणि शांतपणे म्हणाला, "मुसकं बांधून बसायला मी काय मळणीचा बैल हाय का?" आणि गाडीकडे चालू लागला.

तू दुकान तसंच टाकून त्याच्या मागे गेलास. परत आणलंस, बसवलंस, चहा सांगितलास. मग माझ्याकडे वळून तू जे बोललास त्याने माझी पुढची सगळी वर्षं खराब केली.

"वकील, तुझं कलम उलटं कर. खेळणाऱ्याला फुकट. बोलणाऱ्याला वर्गणी."

मी तुला किती समजावलं. साऱ्या जगात खेळणारा पैसे देतो आणि बघणारा गप्प बसतो. तू म्हणालास, खेळणारे दोघंच असतेत, बोलणारे किती असतेत ते मोज की. मी म्हटलं, हे मंडळ आहे, बाजार नाही. तू म्हणालास, बाजारातच तर आहे. मी म्हटलं, चुकीचा सल्ला देण्यासाठी पैसे कोण मोजील? ज्ञानोबाने तेवढ्यात कंबरेच्या कनवटीतून दोन आणे काढून सतरंजीवर ठेवले आणि स्टेशनच्या बाबूंना हत्ती पुढे घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतला, तो मी मारला, आणि ते हरले. आपलं ऐकलं म्हणून ज्ञानोबा इतका खूश झाला की पुढच्या बाजाराला गावातले आणखी दोघं घेऊन आला, आणि त्यांनीही बोलण्याचे पैसे आधी दिले.

म्हणजे दोन आणे ठरले ते तिथेच. माझ्या आठ आण्यांवर कोणी थुंकलं नाही, आणि बडबडीला लोक खुशीने पैसे देऊ लागले. अत्तरवाले आले, विडीच्या कारखान्यातले आले, सावकाराचा मुनीम आला. पैसे दिलेत म्हणून माणूस दर जुम्म्याला येऊन बोलून ते वसूल करून घेऊ लागला. आणि जो फार बोलतो त्याला बाकीचे म्हणणारच, "लई कळतं ना, बस मंग खेळायला." तो बसायचा, हरायचा, आणि का हरला हे सगळा ओटा त्याला एकाच वेळी सांगायचा. नवे खेळाडू असे तयार झाले. मी मंगळवारी फळ्यावर मोहरी काढून धडे द्यायचो, त्याला चार माणसं यायची. त्यातलं एक माणूस माझं अशील होतं, तारीख विचारायला यायचं.

हे यशस्वी झालं हे मी तेव्हाही नाकारत नव्हतो. पण ते बुद्धिबळ नव्हतं असं माझं म्हणणं होतं, आणि आजही आहे.

आणि अमीनसाहेबांची गोष्ट. आजकाल चार माणसं जमून मोठ्याने बोलायला लागली की कोणीतरी येऊन परवानगी विचारतं, हे तुला वेगळं सांगायला नको. तसे ते पोलिसांचे अमीनसाहेब एका जुम्म्याला नमाजानंतर आले. एवढी गर्दी कशाची, कोणी काय बोलत असतं, जबाबदार कोण. जबाबदार मीच होतो, नियमावलीत माझंच नाव होतं. मी घाईघाईने कागद काढू लागलो. तेवढ्यात साहेबांची नजर पटावर गेली. ते अत्तरवाल्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे मियाँ, वजीर जा रहा है."

आणि तू, माणिक, तू हात जोडून पुढे झालास आणि आवाज अजिबात न चढवता म्हणालास, "साहेब, माफ करा. बोलायला वर्गणी लागती."

माझ्या डोळ्यांसमोर माझी सनद गेली. साहेबांनी तुझ्याकडे बघितलं, मग पटाकडे बघितलं. वजीर खरोखरच जात होता. त्यांनी खिशात हात घातला, दोन आणे तुझ्या हातावर ठेवले आणि अत्तरवाल्यांना सांगितलं की उंट हटवा, जल्दी. त्यानंतर त्यांची बदली होईपर्यंत दर जुम्म्याला ते आले आणि परवानगीचं नाव कोणी काढलं नाही. दोन आण्यांत मोठ्याने बोलू देणारी दुसरी जागा या भागात नव्हती, एवढंच मी लिहितो. वकील आहे, जास्त लिहीत नाही.

घरी जाताना मी तुझ्यावर खूप ओरडलो होतो. तू म्हणालास, बघ, वर्गणी आली का न्हाई?

आता मुद्द्यावर येतो. हा सगळा खटाटोप ज्याने केला त्याने स्वतः कधी वर्गणी भरली नाही. कधीच नाही. मंडळात सगळ्यांत चांगलं खेळणारा तू. दुकानात गिऱ्हाइकाला लुगड्याच्या एका काठाबद्दल अर्धा तास सांगणारा तू. आणि ओट्यावर दुसऱ्याच्या डावापाशी उभा राहिलास की तुझ्या तोंडाला कुलूप. मी दर महिन्याला पावतीपुस्तक घेऊन तुझ्यासमोर उभा राहायचो. तुझं ठरलेलं उत्तर, "मला बोलायचंच न्हाई, मंग कशाला भरू?" मी म्हणायचो, तू बोललास तर लोक शिकतील. तू म्हणायचास, मी बोललो तर बाकीचे बोलतील का?

मग मीच तुझे दोन आणे भरले असते, पण तिथेही मी स्वतःच अडकलो होतो. नवं कोणी आलं की तू दुकानाच्या गल्ल्यातून त्याची वर्गणी परस्पर टाकायचास. मी म्हटलं, असं चाललं तर उद्या ओट्यावरची सगळी तोंडं तुझ्याच पैशांची होतील. म्हणून मी कलम घातलं, एकाची वर्गणी दुसऱ्याने भरू नये. तू त्याला इतक्या लवकर हो म्हणालास की मी चकित झालो होतो. एखादी गोष्ट तू एकदम मान्य केलीस की मला संशय यायला हवा होता.

बोलायचा नाहीस, पण तुझी ती काळी टोपी होती. डावामागे उभा राहून बघता बघता तू टोपी काढायचास आणि हातात धरून ठेवायचास. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं ते मला आठवत नाही, बहुधा ज्ञानोबाच्या. मग ओट्यावर रिवाजच पडला. टोपी निघाली की कोणीतरी म्हणायचं, "टोपी निघाली," आणि सगळे पटावर वाकायचे, कारण तिथे काहीतरी आहे हे नक्की. आणि सापडायचं, माणिक. कधी घोड्याचा दुहेरी मारा, कधी कोपऱ्यात विसरलेलं प्यादं. परवा खेळ शिकलेला माणूससुद्धा टोपी निघाल्यावर इतका डोळे फाडून बघायचा की त्याला दिसायचं. तुला विचारलं तर तू नुसता हसायचास. माझ्या फळ्यापेक्षा तुझी टोपी जास्त शिकवते असं मुनीम मला तोंडावर म्हणाला होता.

असा तो चैत्र आला. घनसावंगीकडच्या एका गावचे देशमुख, त्यांची स्वतःची बैठक, हस्तिदंती मोहरी, आणि भोवती खेळणारी पुष्कळ माणसं. मी त्यांच्या मागे लागलो होतो की आमच्या मंडळात या. ते आले तर मंडळाला स्वतःची खोली घेता आली असती. टेबलं आली असती, खुर्च्या आल्या असत्या. हैदराबादेला संघ पाठवता आला असता. देशमुख म्हणाले, तुमच्यातला कोणी मला हरवील तर मी माझ्या सगळ्या माणसांसकट येतो. खेळायला मी बसलो. तू बस असं सगळे तुला म्हणत होते, पण तू म्हणालास, खोली वकिलाला पाहिजे, डाव पण वकीलच खेळंल.

देशमुखांच्या माणसांनी बोलता यावं म्हणून तिथल्या तिथे दोन दोन आणे भरले. बदलीच्या हुकमाची वाट बघत असलेले अमीनसाहेब पंच म्हणून बसले, आणि वर्गणी भरलेली असल्यामुळे सल्लेही देत होते, तेही दोन्ही बाजूंना. असली पंचगिरी मी कुठे पाहिली नाही. ऊन उतरलं होतं, पण ओट्याच्या फरशीला अजून चटका होता. आपल्या जुन्या रीतीचा डाव, प्यादी एकेक घर चालणारी, त्यामुळे तो लांबत गेला. शेवटी माझा हत्ती आणि घोडा उरला, त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला आणि त्यांचं एक प्यादं वजीर व्हायला दोन पावलांवर. ज्ञानोबा हत्तीचा शह दे म्हणत होता, साहेब घोडा म्हणत होते, देशमुखांची माणसं मुद्दाम भलतंच ओरडत होती.

आणि तुझी टोपी निघाली.

मी ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितली. ओटा एकदम थांबला. देशमुखांनीही तुझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, हे मी शपथेवर सांगेन. म्हणजे चाल होती. मी बघत राहिलो. इतका वेळ कुठल्याही पटाकडे मी आयुष्यात बघितलेलं नाही. सगळे बघत होते आणि कोणालाच दिसेना. मी एकदा मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तू टोपी हातात धरून पटाकडेच बघत होतास. शेवटी मी हत्तीचा शह दिला. राजा कोपऱ्यातून निसटला, प्यादं दोन पावलं चाललं, वजीर झालं, आणि मी हरलो. देशमुख जाताना फार सभ्यपणे म्हणाले, मंडळ चांगलं आहे, पण गडबड फार. त्यांच्याबरोबर माझी खोली गेली.

सगळे पांगल्यावर मी तुला विचारलं, काय होतं तिथे?

"बोलायला वर्गणी लागती, वकील."

मी महिनाभर ओट्यावर आलो नाही. तू माझ्या घरी आलास, माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल बोललास, सुताच्या भावाबद्दल बोललास, अंबडच्या कोर्टात माझा खटला कसा चाललाय ते विचारलंस. मी म्हटलं, दोन आणे काढ आणि सांग. तू म्हणालास, मला बोलायचं न्हाई. मी म्हटलं, मग माझ्या घरी तरी सांग, हा काय ओटा आहे का? तू पान लावून घेतलंस आणि गेलास.

तेव्हापासून तो डाव माझ्या मागे लागला. औरंगाबादला जाताना गाडीत मी तो मनात मांडायचो. अंबडला समोरचे वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेत असायचे आणि मी घोडा कुठे जाईल ते बघत असायचो, एकदा मुन्सिफांनी मला नाव घेऊन जागं केलं. चाली सापडायच्या. मी धावत तुझ्याकडे यायचो. आधी घोडा मागे घ्यायचा होता ना? तू म्हणायचास, बराबर. पुढच्या पावसाळ्यात मी म्हटलं, नाही, हत्ती प्याद्याच्या मागे न्यायचा होता. बराबर. त्यानंतर आणखी एक सापडली, तीही बराबर. सगळ्याच बराबर कशा असतील? त्यावर तू बिलकुल निर्मळ चेहऱ्याने म्हणायचास की मी वर्गणी भरलेली न्हाई, मला काय कळतं.

या सगळ्या वर्षांत मी तुझ्याएवढा दुसऱ्या कोणावर वैतागलो नाही. आणि या सगळ्या वर्षांत मी एकही जुम्मा दुसरीकडे घालवला नाही, तेही खरं.

तुझ्या आजारपणात मी आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. टोपी खुंटीला. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी विचारायचं नाही असं ठरवून आलो होतो, पण विचारलंच. म्हटलं, माणिक, आता तरी सांग. तू कूस बदललीस. आवाज अगदी खोल गेला होता.

"वकील, तू अजून बघून राह्यला का ते?"

म्हटलं, हो.

"मंग बरं हाय."

एवढंच. डोळे मिटून घेतलेस. मला इतका संताप आला की मी चहा न घेता उठलो. वहिनींनी मागून हाक मारली तरी थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात विचारीन म्हणून गेलो. तो आठवडा तू मला दिला नाहीस.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. टोपी अजून तिथेच होती. मी त्यांना म्हटलं, वहिनी, ही टोपी जपून ठेवा, अर्धं जालना हिच्याकडून बुद्धिबळ शिकलं. त्यांना काही कळेना. मी सगळं सांगितलं. टोपी निघायची, मग चाल सापडायची, तो देशमुखांचा डाव. त्या ऐकत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या, आणि मग मला वाटतं त्यांना थोडं हसू आलं.

"कशाची चाल, भावजी. त्यांना कपाळाला घामोळं उठायचं. टोपी घट्ट होती. कितीदा म्हणले, ढिली शिवून घ्या म्हणून, ऐकलं न्हाई."

मी खाली बसलो, माणिक. त्यांनी पाणी आणून दिलं.

तिथून सरळ ओट्यावर आलो, तिथे पट न मांडता नुसतीच बसलेली तिघं-चौघं होती, आणि ज्ञानोबाला विचारलं की थंडीत कधी टोपी निघाल्याचं आठवतं का. तो म्हणाला, निघायची तर, संक्रांतीला पण निघाल्ती. मुनीम म्हणाला, थंडीत तर माणिकराव मफलर गुंडाळून बसायचे, टोपी निघेल कशी? दोघांचं भांडण झालं. अत्तरवाल्यांनी दोघांनाही बराबर म्हटलं. तुझं शिक्षण असं पसरलं आहे.

आता मी काय धरून चालू? चाल होती आणि तू लपवलीस, तर तू दुष्ट माणूस होतास. चाल नव्हतीच आणि तू मला वर्षानुवर्षं बघत ठेवलंस, तर त्याहून दुष्ट. पण मग इतरांच्या डावांत ज्या चाली सापडल्या त्या कोणाच्या? घोड्याचे ते मारे, ती विसरलेली प्यादी, तिथे होतीच की. आहे असं समजून बघितलं म्हणून आम्हाला दिसली. याचं श्रेय मी तुला देणार नाही. घामोळ्याला द्यावं लागेल.

मला तुझी फार आठवण येते. हे तुझ्यासमोर मी कधी म्हटलं नसतं, आणि म्हटलं असतं तर तू वर्गणी मागितली असतीस.

काल जुम्मा होता. तू गेल्यानंतर मंडळ पहिल्यांदा बसलं. ओटा भरला होता, नवी तोंडं पुष्कळ होती, तुझ्या जाण्याने आलेली. कोणीतरी सुचवलं की माणिकरावांच्या नावाने आता बोलायची वर्गणी माफ करावी, सगळ्यांना फुकट बोलू द्यावं. मी उभा राहून विरोध केला. फुकट बोलायला लागले की कोणी येणार नाही, हे मी म्हटलं, मी, ज्याने तुझ्याशी या कलमावरून सगळी उमर भांडण केलं. लोक हसले. मग मी सतरंजीवर पट मांडला. माझा हत्ती, माझा घोडा, देशमुखांचा राजा कोपऱ्यात, प्यादं दोन पावलांवर. सगळे वाकले. ज्ञानोबा बोलायला लागणार तोच मी खिशातून दोन आणे काढले आणि सगळ्यांच्या देखत वर्गणीच्या डब्यात टाकले. म्हटलं, हे माणिकचे.

एकाची वर्गणी दुसऱ्याने भरू नये, हे कलम माझ्याच हातचं आहे, आणि तिथल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. पण कोणी हरकत घेतली नाही. पैसे देऊन बोलणारी इतकी माणसं, आणि एकही बोललं नाही.

पावती फाडली आहे. तुझं नाव घातलं आहे, खाली माझी सही आहे. आता तुला काही सबब नाही. बोल, माणिक. चाल होती, का नुसतं उकडत होतं?